कासाराचं दुकान आणि आपला हात



आज बोलायचंय बांगड्यांच्या दुकानाबद्दल. साबण, साखर, कापड आता आपण मोठ्या दुकानात आपल्या हातानं उचलून घेतो. काचेची बांगडी मात्र अजून कितीतरी जणी दुसऱ्याच्या हातून भरून घेतात. आपण हात पुढे करतो आणि दुकानदार तो हातात घेतो. असं दुकान दुसरं कुठलं आहे, सांगा बरं?

ही हौस फार जुनी. मोहेंजोदडोला मातीखाली एका मुलीची लहानशी ब्राँझची मूर्ती सापडली. ती साडेचार हजार वर्षांपूर्वीची मानतात. तिचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. आपल्या महाराष्ट्रातही कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर आणि नगर जिल्ह्यात नेवाशाला खोदकाम झालं, तेव्हा काचेच्या जुन्या बांगड्यांचे तुकडे निघाले.

बांगड्या भरणारा तो कासार. हा शब्द कांस्य, म्हणजे काशाच्या धातूवरून आला. हे लोक मुळात भांड्यांच्या धंद्यातले, त्यातले काही बांगड्यांकडे वळले. मुसलमान समाजातले मण्यारही हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. पेठेत त्यांचं दुकान असे, आणि सणावाराला बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून ते गावोगाव फिरत. खेड्यात रोख पैसा कमी, म्हणून सुगीला धान्य घालून हिशेब मिटवायचा. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सूनबाई कासारापुढे मात्र हात धरायची. त्याला दादा म्हणायची. माहेरच्या गावावरून आला असेल तर आईची खुशालीही त्याच्याकडूनच कळायची.

त्याचं कसब बोटांत असे. हात दाबून बघितला की माप कळायचं. आजही बांगडीच्या डब्यावर दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं लिहिलेलं असतं. जुन्या रुपयाचे जसे सोळा आणे, तसे इथे इंचाचे सोळा भाग धरतात. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार भाग, म्हणजे सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. पण नुसत्या आकड्यानं भागत नाही. कुणाचा हात लोण्यासारखा, तर कुणाचा खुरपं धरून टणक झालेला. दोघींचं मनगट सारखं असलं तरी बांगडी सारखी चढत नाही. अंगठा आत दुमडायचा, हाडं हळूच जवळ आणायची, लागलं तर साबणाचं पाणी लावायचं आणि बोलण्यात गुंतवून बांगडी पुढे सरकवायची. भरताना फुटली तर नुकसान कासाराचं. त्यामुळे तो आपला हात जपायचा, तसाच स्वतःचा मालही जपायचा.

माल तरी कुठून यायचा? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुष्कळ बांगड्या परदेशातून, ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या बोहेमियाहून येत. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि तो माल थांबला. मग उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद पुढे आलं. तिथे भट्टीवर काचेची लांब गुंडाळी काढतात आणि ती कापून कडी करतात. या कड्यांची तोंडं दिव्याच्या ज्योतीवर जोडायचं काम घराघरांतून चालतं. त्यात बायकाच जास्त. म्हणजे आपल्या मनगटापर्यंत येईतो त्या बांगडीला किती बायकांचे हात लागलेले असतात!

आता दुसरी बाजू. या दुकानात सगळ्यांचे हात पुढे येत नव्हते. लग्नाचा हिरवा चुडा तिथलाच, डोहाळजेवणाच्या बांगड्या तिथल्याच. पण नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या. त्यानंतर ती लेकीला घेऊन दुकानात यायची आणि बाजूला बसून राहायची. रिवाज सगळीकडे एकसारखा नव्हता. काही समाजांत पाट लागला की पुन्हा बांगड्या भरत. बाकीच्यांचे हात मात्र जन्मभर मोकळे राहिले. बांगडी फुटली तर आपण ‘वाढवली’ म्हणतो, फुटली म्हणणं अशुभ मानतो. आणि जिवंत बाईच्या हातावरच्या बांगड्या मात्र दगडानं फोडतो!

अशा वेळी सेवा देणाऱ्यानं काय करावं? इतिहासात याचं एक उत्तर आहे. काही जातींत विधवेचं केशवपन करत. १८९० साली मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधव एकत्र आले. विधवेच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातानं ती रूढ चालत होती, त्यांनीच हात मागे घेतला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच मार्ग घ्यायला सांगितलं.

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता यात्रेत, आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडतात. स्वस्ताईत आपण मोठ्या दुकानाला हरवू शकणार नाही. हात ओळखण्यात मात्र हरवू शकतो. गिऱ्हाइकाचं माप वहीत लिहून ठेवा. हात दाबून बघा, घाई करू नका. आपल्या हातून फुटली तर पैसे घेऊ नका. आणि समोर हात आला की माप विचारा, रंग विचारा. नवरा आहे का, हे विचारू नका. एखादी बाजूला बसलेली दिसली तर तिला म्हणा, “ताई, इकडे या, तुमचाही हात बघू.” ती लगेच पुढे येईलच असं नाही. लोक काय म्हणतील याची भीती मोठी असते. पण बोलावणं आपल्याकडून जायला हवं.

येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा. आपल्या गावच्या कासाराच्या, कासारणीच्या आठवणी म्हाताऱ्या बायकांना विचारा आणि आम्हाला कळवा.