दप्तराचं वजन कोणी करायचं?

‘दप्तर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ अर्थ सरकारी कागदपत्रं. पुण्याचं पेशवे दप्तर तुम्हाला ठाऊक असेलच. कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद. पुढे हाच शब्द शाळकरी पोरांच्या पिशवीला चिकटला. आत पाटी, पेन्सिल आणि अंकलिपी होती तोवर त्याच्या वजनाची चर्चा कुणी केली नाही. विषय वाढले, प्रत्येक विषयाचं पुस्तक, वही, गृहपाठाची वही वेगळी झाली, आणि दप्तराचं ओझं झालं.

हे ओझं संसदेत नेलं ते एका कादंबरीकाराने. ‘मालगुडी’चे आर. के. नारायण राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. १९८९ साली ते सभागृहात बोलले ते मुलांच्या हरवलेल्या बालपणाबद्दल आणि दप्तराखाली पुढे वाकून चालणाऱ्या पोरांबद्दल. त्यानंतर १९९२ मध्ये केंद्र सरकारने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९३ च्या अहवालात समितीने एक मर्माची गोष्ट सांगितली: पाठीवरच्या ओझ्यापेक्षा, न समजता शिकण्याचं ओझं जास्त घातक आहे.

अहवालाचं कौतुक झालं, दप्तर मात्र तेवढंच राहिलं. २००६ मध्ये वजनाला मर्यादा घालणारं विधेयक राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्रात हा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने नियम केला: दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो.

नियम झाला, पण वजन कोण करणार? ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी थेट पत्रकार परिषद घेतली. रोज सोळा-अठरा पुस्तकं-वह्या, पाच ते सात किलो, आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, असा हिशेबच त्यांनी पत्रकारांपुढे मांडला. मोठ्यांनी करायचं काम बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी केलं.

२०२३ मध्ये राज्यात आणखी एक प्रयोग झाला. दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत विभागली आणि आत टिपणांसाठी कोरी पानं घातली, म्हणजे वह्या कमी लागतील. पण वेगळ्या वह्या काही सुटल्या नाहीत, आणि २०२५ मध्ये हा प्रयोग गुंडाळला गेला. शाळेची रीत बदलल्याशिवाय दप्तर हलकं होत नाही, हाच याचा धडा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मुलांना इथे हा त्रास कुठे? जरा त्यांची बॅग उचलून बघा. पुस्तकं कमी असतील, पण लॅपटॉप, चार्जर, लिटरभर पाणी, खेळाचे बूट आणि मागच्या आठवड्याची सफरचंदं त्यात आहेत. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना दहा ते वीस टक्के ही मर्यादा सांगते. आपण दहाच धरावी.

तेव्हा घरातला वजनकाटा काढा. आधी मुलाचं वजन करा, मग दप्तर पाठीवर घेऊन. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे दप्तराचं वजन. जड वस्तू पाठीलगत ठेवा, पट्टे दोन्ही खांद्यांवर आणि इतके आवळलेले हवेत की बॅग कमरेखाली लोंबणार नाही. एवढं करूनही काटा जास्त दाखवत असेल, तर तो आकडा घेऊन शिक्षकांना भेटा आणि यातलं रोज काय काय लागतं ते विचारा.

समित्या, नियम, प्रयोग सगळं झालं. चंद्रपूरच्या पोरांकडे यातलं काहीच नव्हतं. होता तो फक्त आकडा. तो तुमच्याकडेही असू द्या.