ॲनिमल बिहेवियरिस्ट कसं व्हायचं? प्राण्यांचं वर्तन शिकण्यासाठी कोर्स, पुस्तकं आणि ॲप्सची संपूर्ण माहिती

प्राण्यांची आवड आहे, कुत्रा-मांजर असं का वागतं हे समजून घ्यायचंय, जमलं तर त्यातच करिअर करायचंय, असं तुम्हाला वाटतं का? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे. मोबाईलवर काय शिकता येतं, कोणती पुस्तकं वाचावीत, कॉलेजचा रस्ता कोणता आणि कोणत्या व्हिडिओंपासून लांब राहावं, हे सगळं आज आपण बघणार आहोत.

पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण हा विषय मी त्या चुकीमुळेच शिकायला लागलो.

आमच्या घरी शेरू नावाचा कुत्रा आहे. तीन वर्षांपूर्वी तो जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायला लागला. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं होतं की कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. मी तसं केलं आणि दोन-तीन दिवसांत गुरगुरणं बंद झालं. मी खूश! चौथ्या दिवशी मी त्याच्या ताटलीजवळ हात नेला आणि तो अजिबात न गुरगुरता थेट चावला.

जखम धुतली, सरकारी दवाखान्यात जाऊन लस घेतली आणि मग शेरूला जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी तोंड उघडून पाहिलं तर मागची दाढ तुटलेली. चावताना दुखायचं म्हणून तो जेवताना कुणाला जवळ येऊ देत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "गुरगुरणं म्हणजे त्याची सूचना होती. तुम्ही सूचनाच बंद केलीत, दुखणं तसंच राहिलं."

हे वाक्य मी विसरलो नाही. चला तर मग, सुरुवात करूया.

ॲनिमल बिहेवियरिस्ट म्हणजे नक्की कोण?

सोप्या भाषेत सांगायचं तर प्राणी असं का वागतो याचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करणारा माणूस. पण या क्षेत्रात चार वेगवेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

१. ट्रेनर: प्राण्याला बसणं, थांबणं, पट्ट्यासोबत नीट चालणं अशा गोष्टी शिकवतो.
२. बिहेवियर कन्सल्टंट: भीती, चावणं, एकटं राहिल्यावर घर डोक्यावर घेणं अशा समस्यांचं कारण शोधतो आणि घरच्या लोकांना उपाय शिकवतो.
३. व्हेटर्नरी बिहेवियरिस्ट: आधी पशुवैद्यक आणि मग वर्तनाचा तज्ज्ञ. औषध लिहून देण्याचा अधिकार याला असतो.
४. संशोधक: जंगलात, गावात किंवा प्रयोगशाळेत प्राण्यांचं वर्तन अभ्यासतो. या शास्त्राला इथॉलॉजी म्हणतात.

तुम्हाला यातलं कोणतं काम करायचंय हे आधी ठरवा, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

पाया: हे दोन विषय आधी समजून घ्या

पहिला विषय म्हणजे टिनबर्गनचे चार प्रश्न. कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेंझ आणि निको टिनबर्गन या तिघांना १९७३ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. त्यातल्या टिनबर्गनने १९६३ मध्ये मांडलं की कोणत्याही वर्तनाबद्दल चार प्रश्न विचारता येतात. शेरूचं गुरगुरणं घेऊन बघूया:

- आत्ता हे कशामुळे घडलं? (दाढ दुखतेय, कुणीतरी जवळ आलं.)
- हे त्याच्या आयुष्यात कसं घडत गेलं? (पिल्लू असताना खाण्यावरून भांडणं झाली का?)
- याचा त्याला फायदा काय? (प्रत्यक्ष मारामारी न करता समोरचा लांब जातो.)
- हे वर्तन उत्क्रांतीत कुठून आलं? (लांडगेसुद्धा गुरगुरतात.)

मी फक्त एकच प्रश्न विचारला होता, "मालक कोण?" आणि तो या यादीत नाहीच!

दुसरा विषय म्हणजे प्राणी शिकतो कसा. डब्याचा आवाज आला की मांजर धावत येतं, हे पावलॉवने दाखवलेलं शिकणं: दोन गोष्टींची जोडी लागते. बसल्यावर खाऊ मिळाला की कुत्रा पुन्हा पुन्हा बसतो, हे स्किनरने अभ्यासलेलं शिकणं: परिणामावरून वर्तन वाढतं किंवा कमी होतं. एवढं नीट समजलं तर निम्मं ट्रेनिंग समजलं म्हणून समजा.

मोबाईलवर करता येणारे कोर्स

१. ॲनिमल बिहेवियर अँड वेल्फेअर: एडिनबरा विद्यापीठाचा हा कोर्स कोर्सेरावर आहे. प्राण्याला काय वाटतं, त्याची काळजी नीट घेतली जातेय का हे कसं ओळखायचं, इथून सुरुवात होते. अगदी नवख्यांसाठी उत्तम.

२. डॉग इमोशन अँड कॉग्निशन: ड्यूक विद्यापीठाचे ब्रायन हेअर हा कोर्स शिकवतात. कुत्र्याचं डोकं कसं चालतं यावर भर आहे. हासुद्धा कोर्सेरावर.

३. ह्यूमन बिहेवियरल बायॉलॉजी: स्टॅनफर्डचे रॉबर्ट सापोल्स्की यांची २५ व्याख्यानं यूट्यूबवर मोफत आहेत. नावात माणूस असला तरी इथॉलॉजी, जनुकं आणि उत्क्रांती यावरची व्याख्यानं आपल्या कामाची आहेत. व्याख्यानं लांब आहेत, त्यामुळे तुकडे करून बघा.

टिप: कोर्सेरावर नाव नोंदवताना पैसे न भरता बघण्याचा पर्याय आहे का ते आधी तपासा. सर्टिफिकेट हवं असेल तरच पैसे भरा. इंग्रजी अवघड जात असेल तर सबटायटल सुरू करा आणि व्हिडिओचा वेग थोडा कमी करा. मी स्वतः पहिला कोर्स असाच पूर्ण केला.

कोणती पुस्तकं वाचावीत?

- एक्सपेरिमेंट्स इन ॲनिमल बिहेवियर: लेखक राघवेंद्र गदगकर, बंगळुरूचे शास्त्रज्ञ, गांधीलमाश्यांच्या अभ्यासासाठी ओळखले जातात. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या साइटवरून हे पुस्तक मोफत डाउनलोड करता येतं. जवळजवळ काहीच खर्च न करता उत्तम संशोधन कसं होतं, हाच पुस्तकाचा विषय आहे. एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा.
- डोंट शूट द डॉग: कॅरेन प्रायर आधी डॉल्फिनना शिकवायच्या. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून ओढता येत नाही, त्यामुळे बक्षीस देऊन शिकवण्याची पद्धत त्यांनी पक्की केली.
- दि अदर एंड ऑफ द लीश: पॅट्रिशिया मॅककॉनेल यांचं हे पुस्तक कुत्र्यापेक्षा मालकाच्या वागण्याबद्दल जास्त बोलतं.
- सत्तांतर: व्यंकटेश माडगूळकरांची वानरांवरची ही छोटी कादंबरी. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नवा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा काय होतं, हा शास्त्रातलाही मोठा विषय आहे. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडला वानरांच्या टोळ्यांवर हाच अभ्यास केला होता.

उपयोगी ॲप्स आणि सॉफ्टवेअर

- मर्लिन: पक्ष्याचा फोटो किंवा आवाज देऊन ओळख पटवता येते. फ्री आहे.
- ई-बर्ड: कुठे, कधी, किती पक्षी पाहिले याची नोंद. तुमची नोंद संशोधकांना वापरता येते.
- आय-नॅचरलिस्ट: किडे, झाडं, सरडे, सगळ्यांची नोंद आणि ओळख.
- झूनिव्हर्स: स्नॅपशॉट सेरेंगेटीसारख्या प्रकल्पांत कॅमेरा ट्रॅपचे फोटो बघून प्राणी कोणता आणि काय करतोय ते सांगायचं. घरबसल्या खऱ्या संशोधनात मदत होते.
- बोरिस: हे कॉम्प्युटरसाठी मोफत सॉफ्टवेअर आहे. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ त्यात टाका, प्रत्येक वर्तनाला एक की द्या आणि व्हिडिओ बघत की दाबत जा. कोणत्या वर्तनाला किती वेळ गेला याचा तक्ता तयार मिळतो.

घरबसल्या पहिला अभ्यास: स्टेप बाय स्टेप

कोर्स बघून कुणी बिहेवियरिस्ट होत नाही. निरीक्षण करावंच लागतं. समजा, तुम्ही गल्लीतला एक कुत्रा निवडला.

स्टेप १: दोन दिवस फक्त लांबून बघा आणि वर्तनांची यादी करा. झोपणं, बसणं, चालणं, हुंगणं, खाणं, खाजवणं, भुंकणं, दुसऱ्या कुत्र्याशी व्यवहार, दिसेनासा होणं. या यादीला इथोग्राम म्हणतात.

स्टेप २: मोबाईलवर दर मिनिटाला वाजणारा टायमर लावा. टायमर वाजला त्या क्षणी कुत्रा काय करतोय तेवढंच लिहा. ३० मिनिटांत ३० नोंदी होतात.

स्टेप ३: असं दहा दिवस करा. पाच दिवस सकाळी, पाच दिवस संध्याकाळी. एकूण ३०० नोंदी.

स्टेप ४: नोंदी मोबाईलमधल्या शीटमध्ये भरा आणि टक्केवारी काढा. ३०० पैकी १८० वेळा झोपलेला असेल तर ६० टक्के.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: "कुत्रा दुःखी होता" असं लिहायचं नाही. "शेपटी खाली, कान मागे, भिंतीला चिकटून बसला" असं लिहायचं. जे दिसलं ते आधी, अर्थ नंतर. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या या पद्धतींवर लेख लिहिला आणि संशोधक आजही त्याचा आधार घेतात.

एवढ्या साध्या साधनांनी खरं संशोधन होतं का? होतं! मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर प्रयोग केला. घरट्याचं तोंड दिसेल अशा जागी माणूस उभा असेल तर पक्षी घरट्यात जायला कचरतो, पण तोंड दिसणार नाही अशा जागी माणूस असेल तर कमी कचरतो. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज त्याला येतो. हा अभ्यास २००२ मध्ये ॲनिमल कॉग्निशन या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

कॉलेजचा रस्ता

पशुवैद्यक व्हायचं असेल तर बारावीला बायॉलॉजी, मग नीट परीक्षा आणि साडेपाच वर्षांची बी.व्ही.एस्सी. पदवी, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात नागपूरच्या माफसू विद्यापीठाखाली मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे कॉलेजं आहेत.

संशोधक व्हायचं असेल तर बी.एस्सी. झूऑलॉजी किंवा आयसर. पुण्यात आयसर आहेच. आयसर कोलकाता इथे अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतो. वन्यजीवांसाठी डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि बंगळुरूचं एनसीबीएस इथे एम.एस्सी. करता येते.

ट्रेनर व्हायचं असेल तर पदवीची अट नाही, पण अनुभव लागतो. सीपीडीटी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यायला परीक्षेआधी ३०० तासांचा शिकवण्याचा अनुभव दाखवावा लागतो. आणि अमेरिकेच्या ॲनिमल बिहेवियर सोसायटीचं सर्वात वरचं प्रमाणपत्र पीएच.डी. किंवा पशुवैद्यकीय पदवी आणि पुढचा अनुभव असेल तरच मिळतं. त्यामुळे "पंधरा दिवसांत बिहेवियरिस्ट बना" अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी दहा वेळा विचार करा.

चुकीचा व्हिडिओ कसा ओळखायचा?

- "अल्फा बना", "बॉस कोण ते दाखवा" असं सांगत असेल तर बंद करा. ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या अभ्यासातून आली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून ती पसरली आणि पुढे त्यांनी स्वतःच ती दुरुस्त केली. जंगलातला लांडग्यांचा कळप बहुतेक वेळा आई-वडील आणि त्यांची पिल्लं असाच असतो.
- अचानक बदललेल्या वागण्यावर "आधी डॉक्टरांना दाखवा" असं सांगत नसेल तर सावध व्हा.
- व्हिडिओ म्यूट करा आणि फक्त कुत्र्याकडे बघा. तो सारखा ओठ चाटतोय, जांभया देतोय, मान फिरवतोय, अंग ताठ करतोय? मग तो शिकत नसून घाबरलेला असू शकतो.

सुरक्षितता आणि कायदा

अभ्यासासाठी जंगली प्राणी पकडू नका. आपला साधा राघू पोपट पाळणंही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. जखमी वन्यप्राणी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पिल्लांजवळ किंवा खाणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नका. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीज झाल्यावर उपाय नाही, लस वेळेत घेणं हाच उपाय.

शेवटी

शेरूची दाढ काढली, पण विश्वास परत यायला चार महिने लागले. रोज मी लांबून त्याच्या ताटलीकडे चिकनचा एक तुकडा टाकायचो आणि मागे फिरायचो. हळूहळू मी येतोय म्हणजे काहीतरी चांगलं येतंय, अशी जोडी त्याच्या डोक्यात लागली. आता मी जवळ गेलो की शेपटी हलते. तरी कधी गुरगुरलाच, तर मी थांबतो आणि का ते शोधतो.

मित्रांनो, आजच एक काम करा. गदगकरांचं पुस्तक डाउनलोड करा, टायमर लावा आणि खिडकीतून दिसणाऱ्या कोणत्याही एका प्राण्याकडे अर्धा तास बघा. आणि तुमच्या ओळखीत कुणी कुत्र्याला मारून सुधारायला निघालं असेल, तर हा लेख त्याला नक्की पाठवा.