पूर्वीपासून काही आजार?

ताईचं बाळंतपण सप्टेंबरात आहे, न्यू जर्सीला. आईचा व्हिसा झाला, तिकीट झालं, डिंकाच्या लाडवांपासून बाळंतशेपेपर्यंत सगळी यादी झाली, आणि गेल्या शनिवारी दुपारी प्रवासविम्याच्या फॉर्मवर गाडी अडली. रकाना साधाच: पूर्वीपासून काही आजार आहे का? हो / नाही.

आईला अकरा वर्षं डायबिटीस आहे. बीपीची गोळी चालू आहे. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "सर, 'नाही'वर टिक करा. सगळे तेच करतात. 'हो' केलंत तर प्रीमियम वाढणार, मेडिकल मागणार, उगाच डोक्याला ताप." बाबांचं मत पडलं की तो माणूस रोज हेच काम करतो, तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला काही होत नाही, काय लिहायचं ते लिही."

मी लॅपटॉप मिटला. बग दिसला की आधी तो कोड लिहिला कोणी हे बघायची आम्हा लोकांना खोड असते. मग उरलेला विकांत हा रकाना मुळात आला कुठून, ते शोधण्यात गेला.

गंमत म्हणजे प्रवासविमा सुरू झाला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १८४९ साली लंडनमध्ये रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स कंपनी निघाली. रेल्वे तेव्हा नवी होती, अपघात बरेच व्हायचे, लोक घाबरून असायचे. तिकिटाच्या खिडकीवरच विम्याचंही तिकीट मिळायचं. पहिल्या वर्गाला तीन पेन्स, गाडीच्या अपघातात मेलात तर हजार पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्स आणि पाचशे पौंड, तिसऱ्याला एक पेनी आणि दोनशे. (मरणाचा भावसुद्धा डब्याप्रमाणे!) तुमची प्रकृती कशी आहे, कोणी विचारत नसे. विचारायचं कारणच नव्हतं. गाडी रुळावरून घसरताना कोणाची साखर किती आहे ते बघत नाही. आजही आपण रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना रुपयाहून कमी पैशांत दहा लाखांच्या विम्यावर टिक करतो, तेव्हा कोणी मधुमेह विचारत नाही. तोच जुना हिशोब.

प्रश्न आला तो अपघाताच्या जोडीला आजारपणही विम्यात घेतलं तेव्हा. आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात परदेश प्रवासासाठी 'ओव्हरसीज मेडिक्लेम' आणली. देशातली मेडिक्लेम १९८६ ची. आता धोका गाडीत नाही, प्रवाशाच्या अंगात आहे. मग कंपनीने प्रश्न आणला कुठून? आपल्या थोरल्या भावाकडून, म्हणजे आयुर्विम्याकडून.

आयुर्विमेवाले कितीतरी वर्षं आधीपासून माणसं चाळत होते. जेम्स डॉडसन नावाच्या गणितज्ञाला लंडनच्या एका संस्थेने वय जास्त म्हणून विमा नाकारला. तेव्हा पंचेचाळीसच्या वर घेतच नसत. या पठ्ठ्याने चिडून वयाप्रमाणे हप्ता कसा काढायचा याचं गणितच मांडलं. १७६२ साली त्याच गणितावर 'इक्विटेबल' उभी राहिली; डॉडसन मात्र त्याआधीच, १७५७ मध्ये गेला होता. त्या काळात आयुर्विमा घेणाऱ्याला विचारत की देवी येऊन गेल्या आहेत का. येऊन गेल्या असतील तर उत्तम, परत येणार नाहीत! म्हणजे 'पूर्वीचा आजार' हा एकेकाळी तुमच्या बाजूचा मुद्दाही होता.

आणि आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायला तयार नसत, आणि उतरवलाच तर जास्त हप्ता लावत. आजारी आहात का हा प्रश्नच नाही. हिंदी आहात हाच आजार. जन्मापासूनचा, बरा न होणारा. १८७० च्या सुमारास आपल्या मुंबईत निघालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने हिंदी लोकांना नेहमीच्याच दराने विमा दिला, आणि ती कंपनी काही बुडाली नाही. १९५६ साली एलआयसी झाली तोपर्यंत ती होती. म्हणजे 'धोका' म्हणून रकान्यात जे लिहिलं जातं ते दर वेळी विज्ञानच असतं असं नाही. (हे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं मग, टिक कुठे करतोयस?")

असो. 'नाही' लिहिलं तर काय, याचं उत्तर मिळालं एका किल्ल्यात.

सुमात्रा बेटावर इंग्रजांचा फोर्ट मार्लबरो होता. तिथला गव्हर्नर कार्टर. सात वर्षांचं युद्ध चालू होतं. कार्टरने लंडनमध्ये विमा उतरवला: परकी शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई. १७६० साली फ्रेंचांनी खरंच किल्ला घेतला. विमेवाला बोहेम म्हणाला, किल्ला कच्चा होता, फ्रेंच येतील अशी भीती होती, हे मला सांगितलंच नाही. पैसे देणार नाही. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल दिला. विमा हा विश्वासाचा व्यवहार आहे, जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते लपवू नका, हे तत्त्व जगभर याच खटल्यावरून सांगितलं जातं. कंपन्यांचे वकील ते आजही तुमच्या तोंडावर मारतात. पण खटला जिंकला कोण? कार्टर! मॅन्सफिल्ड यांचं म्हणणं असं की युद्ध चालू आहे हे लंडनमध्ये बसलेल्याला चांगलं माहीत होतं. किल्ल्याबद्दल शंका होती तर विचारायचं होतं. न विचारता हप्ता खिशात घातला, आता तक्रार करू नका.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

मग आपल्याकडचा एक निकाल सापडला, थेट आमच्याच गोष्टीचा. २००९ साली एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. ओव्हरसीज मेडिक्लेम काढताना डायबिटीस आहे हे त्यांनी सांगितलं होतं, तपासणीही झाली होती, पॉलिसी मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले तर दरदरून घाम, हृदयविकाराचा झटका, तीन स्टेंट. कंपनीने दावा फेटाळला: तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत होतात, ते सांगितलं नाहीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: माणसाने सांगितलेली प्रकृती बघून, जोखून एकदा पॉलिसी दिलीत, की मग त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून पैसे नाकारता येणार नाहीत. रक्कम व्याजासकट द्यायला लावली.

बारा वर्षं गेली त्यात. पण समजा त्या गृहस्थांनी एजंटचं ऐकून 'नाही' लिहिलं असतं, तर कोर्टात उभं राहायला पायाखाली जमीनच नव्हती. एक गोळी सांगायची राहिली तर एवढं, मग अकरा वर्षांचा डायबिटीस लपवला तर किती? 'हो' लिहिलं की पुढचा प्रश्न विचारायची जबाबदारी कंपनीवर जाते. 'नाही' लिहिलं की ती जन्मभर आपल्या डोक्यावर.

'हो' लिहून सगळं मिळतं असंही नाही हां. घरच्या आरोग्यविम्यात आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे, पण सहा महिन्यांच्या प्रवासात तीन वर्षं कुठून आणणार? त्यामुळे प्रवासविम्यात आधीच्या आजाराचा नेहमीचा इलाज बहुतेक वेळा वगळलेला असतो. काही योजनांत जिवावर बेतलं तर ठरावीक रकमेपर्यंत खर्च मिळतो. ती रक्कम बारीक अक्षरात असते, आणि अमेरिकेतल्या इस्पितळापुढे ती किती पुरेल हे ताईलाच विचारा. आम्ही ती ओळ शोधून तीन योजना ताडून बघितल्या. जी घेतली ती एजंटने सुचवलेलीपेक्षा बरीच महाग आहे.

रविवारी संध्याकाळी आई चष्मा लावून गोळ्यांचा डबा घेऊन बसली. पट्टीमागून पट्टी, नाव नि मिलिग्रॅम वाचत गेली, मी टाइप करत गेलो. त्यात एक कोलेस्टेरॉलची निघाली. दोन वर्षं घेतेय म्हणे, डॉक्टरांनी "अशीच, खबरदारी म्हणून" दिली होती. घरात कोणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी एजंटचा फोन. "सर, पाच गोळ्या त्या रकान्यात मावत नाहीयेत."

म्हटलं, वेगळा कागद जोडा.