होळकरांचा संघ

मराठी साहित्याच्या इतिहासात राजाश्रयाची चर्चा पुष्कळ झाली आहे. बाबूजी नाइकांचा आधार नसता तर मोरोपंतांना बारामतीत एवढे विपुल लेखन करता आले असते का, हा प्रश्न अजूनही वर्गात निघतो. क्रिकेटच्या बाबतीत तो सहसा निघत नाही. वास्तविक तेथे पुरावा अधिक स्वच्छ आहे, कारण धावफलक जपून ठेवलेले असतात.

१९२३ साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला बोलावले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. हुद्द्यामुळे चरितार्थ चाले आणि पैशासाठी खेळतो हा डागही लागत नसे. इंदूर म्हणजे काही मुंबई नव्हे. मुंबईजवळ मैदाने होती, जिमखाने होते, चौरंगी-पंचरंगी सामन्यांची गर्दी होती. तिला खेळाडूंना वेगळे आमंत्रण देण्याची गरज नव्हती. इंदूरला ती होती. पण एकदा नायडू आल्यावर पुढचे आमंत्रण बव्हंशी त्यांच्या नावानेच दिले असावे, असे मला वाटते. मुश्ताक अली इंदूरचेच. सागरचे चंदू सरवटे आले, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आले, ठाण्यातील बॅडमिंटनगृहाला ज्यांचे नाव आहे ते खंडू रांगणेकरही होळकरांकडून खेळले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला. त्यांपैकी १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात नायडूंनी द्विशतक केले, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती.

१९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीतला एक इंग्रज सैनिक होळकरांकडून खेळला: डेनिस कॉम्प्टन. मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरी सामना ३७४ धावांनी गेला. शतकापुढील प्रत्येक धावेला बक्षीस देण्याचा शब्द एका धनिकाने दिला होता आणि हिशेबाच्या वेळी तो गृहस्थ परगावी निघून गेला, अशी आख्यायिका आहे. आश्रयाचीही अशी एक बाजारू बाजू असतेच.

बडोद्याची कथा याच धाटणीची. सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद यांनी मार्च १९४७ मध्ये होळकरांच्याच विरुद्ध ५७७ धावांची भागीदारी रचली. एका मराठी संस्थानाने गोळा केलेल्या गुणवंतांनी दुसऱ्या मराठी संस्थानाच्या गुणवंतांचा एक डाव आणि ४०९ धावांनी पराभव केला. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली.

तुलनेसाठी कॅनडाकडे पाहता येईल. तेथील टोरांटोचा बास्केटबॉल संघ १९९५ पासून अमेरिकी लीगमध्ये खेळतो. वेतनावर लीगचेच बंधन असल्याने केवळ पैशाच्या बळावर कुणाला ओढता येत नाही. मग थंडी, सीमा, कर, घरापासूनचे अंतर, सगळेच आड येते. ट्रेसी मॅकग्रेडी २००० मध्ये गेला, क्रिस बॉश २०१० मध्ये. २०१८ मध्ये कवाय लेनर्ड आला तोही स्वेच्छेने नव्हे, अदलाबदलीत. त्याने २०१९ चे विजेतेपद मिळवून दिले आणि त्याच उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिसला निघून गेला. नायडूंचे घर मात्र इंदूरच राहिले; १९६७ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. यास निष्ठा म्हणावे तर त्यांच्यापुढे दुसरे पर्याय किती होते, हेही पाहिले पाहिजे. दरबाराच्या चाकरीला सोडचिठ्ठी देणे सोपे नव्हते. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले, होळकर हे संघनाम १९५५ पर्यंत टिकले. त्यानंतर साठी उलटलेले नायडू १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले.

राजांची जागा पुढे कंपन्यांनी आणि बँकांनी घेतली. आमच्या भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावातला गुणी मुलगा त्या नोकरीकडे जसा पाहतो, तसाच नागपूरचा तरुण १९२३ मध्ये त्या हुद्द्याकडे पाहत असणार.

इंदूरला पुन्हा करंडक दिसायला २०२२ साल उजाडले. मध्य प्रदेशाने बंगळूरुत मुंबईला हरवले तेव्हा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मूळचे मुंबईचेच. १९९८-९९ मध्ये याच मैदानावर याच संघाचे कर्णधार म्हणून ते कर्नाटकाविरुद्धचा अंतिम सामना हरले होते, आणि तेव्हाही ते बाहेरून बोलावलेलेच होते.