‘स्ट्राइक’ आणि ‘संप’

घड्याळांत तास वाजतो, काडी ओढल्याबरोबर पेटते, मनांत एखादी कल्पना चमकते, बाजारांत सौदा ठरतो, यादींतील नांव खोडलें जातें. या साऱ्या क्रियांस इंग्रज मनुष्य ‘स्ट्राइक’ हें एकच क्रियापद वापरतो. गिरणगांवाला मात्र त्याचा एकच अर्थ महत्त्वाचा वाटला, आणि त्याकरितां त्याच्यापाशीं स्वतःचा शब्द होता: संप.

प्रहारवाचक शब्दाला काम थांबविण्याचा अर्थ यावा, हें नवल नव्हे काय? परंतु या शब्दाचें मूळ प्रहारांत नाहींच. प्राचीन इंग्रजींत त्याचा अर्थ हळुवार घासणें, हात फिरविणें किंवा वाट चालणें असा होता. आघाताचा अर्थ मागाहून आला. दर्यावर्दी लोकांच्या बोलींत ‘स्ट्राइक’ म्हणजे शीड खालीं उतरविणें. दुसऱ्या जहाजापुढें शीड उतरविणें ही तर शरणागतीची खूण. १७६८ सालीं लंडनच्या खलाशांनीं वेतनासाठीं व्यापारी जहाजांचीं शिडें उतरविलीं आणि जहाजें जागच्या जागीं अडवून धरलीं. शरणागतीची खूण अशा रीतीनें प्रतिकाराची खूण झाली.

फ्रेंचांची तऱ्हा निराळी. त्यांचा ‘ग्रेव्ह’ हा शब्द पॅरिसमधील सेन नदीकांठच्या एका चौकावरून आला. मजूर तेथें काम शोधण्यास जमत असत. इंग्रजांनीं कृतीवरून नांव दिलें, फ्रेंचांनीं जागेवरून. आपला शब्द याहून खोल जातो. गुजरातींत ‘संप’ म्हणजे एकोपा, सलोखा. मुंबईच्या पुष्कळ गिरणीमालकांची घरची भाषा गुजरातीच होती. म्हणजे जो शब्द मालकाच्या दिवाणखान्यांत सलोख्याचा, तोच लालबागच्या चाळींत भोंगा वाजूनही कामावर न जाण्याचा! तथापि दोहोंत विरोध नाहीं. आधीं आपसांत एकी, मग काम बंद. मराठीनें परिणामाला कारणाचें नांव दिलें.

या एकीची साक्ष इतिहासांत आहे. २२ जुलै १९०८ रोजीं लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. १९२८ चा संप सुमारें सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधींच मागें घेतला गेला नाहीं. गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या कित्येक जागांवर उंच मनोरे उभे राहिले.

त्यानंतर गिरणगांवांतील कित्येक घरांस ‘संप’ आणि ‘संपणें’ हे शब्द एकाच अर्थाचे वाटले असतील. त्यांस दोष कोण देईल? उतरविलेलें शीड वारा पाहून पुन्हां चढवितां येतें. मोडलेली एकी तशी चढवितां येत नाहीं. म्हणूनच या शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरतां कामा नये.