पेटीचे माप

विमानाने कुत्रे अथवा मांजर परदेशी न्यावयाचे ठरले म्हणजे गृहस्थाला प्रथम गरज पडते ती शिंप्याच्या टेपची. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी आणि उभ्या जनावराची डोक्यापर्यंतची, किंवा कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंतची उंची, अशी चार मापे घ्यावीत. पहिल्यात दुसऱ्याचे निम्मे मिळवले की पेटीची लांबी, तिसऱ्याची दुप्पट केली की रुंदी आणि चौथ्यात अंथरुणाची जाडी मिळवली की उंची निघते, असा हिशेब आयाटा या हवाई वाहतूक संस्थेच्या नियमावलीत घालून दिलेला आहे. ६० सेंटिमीटर लांबीच्या आणि ३० सेंटिमीटर कोपर असलेल्या कुत्र्याला, या हिशेबाने, ७५ सेंटिमीटरांची पेटी लागते. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या मंडळींना श्वासाची पंचाईत असल्यामुळे प्रत्येक माप आणखी १० टक्क्यांनी वाढवून द्यावे लागते. जनावराला मोजण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. बैलबाजारात दलाल दात मोजतो, खाटीक नजरेने वजन करतो. परंतु त्याला उभे राहता यावे, सहज वळता यावे, अंग सैल टाकून निजता यावे, एवढ्याच हेतूने त्याच्या कानाचे टोकदेखील हिशेबात धरावे, ही अदब अगदी अलीकडची आहे.

आकाशात गेलेला पहिला पिंजरा या अदबीपासून फार दूर होता. १९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्साय येथे, सोळाव्या लुईच्या समक्ष, माँगोल्फिए बंधूंनी उष्ण हवेने भरलेला एक प्रचंड फुगा वर सोडला आणि त्याच्या खाली वेताच्या पिंजऱ्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा असे तीन उतारू बसवले. निवड विचारपूर्वक होती: मेंढीची शरीरप्रकृती माणसाला जवळची, बदकाला उंचीची सवय, आणि कोंबडा पक्षी असूनही जमीन सोडून फारसा न उडणारा, तेव्हा वरची हवा घातक असेल तर ती कोणाला आणि किती बाधते हे ताडून पाहता येणार होते. सुमारे आठ मिनिटांत तीनएक किलोमीटर जाऊन फुगा एका रानात उतरला. तिघेही जिवंत होते, फक्त कोंबड्याचा पंख दुखावलेला निघाला, आणि लगेच पंडितांत चर्चा सुरू झाली की हा त्या उंचीवरील वायूचाच परिणाम असावा. पुढे साक्षीदारांच्या जबान्यांतून उलगडा झाला तो असा, की उड्डाणापूर्वीच मेंढीने कोंबड्याला लाथ मारली होती! हवाई प्रवासातील जनावराची ही पहिली नोंदलेली दुखापत. तिच्यात आकाशाचा काडीइतकाही दोष नव्हता, दोष होता तिघांना एका पिंजऱ्यात कोंडणाऱ्याचा. आज प्रौढ जनावराला सामान्यतः एकट्याची पेटी लागते, हा नियम वाचताना मला तो कोंबडा आठवल्यावाचून राहत नाही. मेंढीला मात्र राजाच्या प्राणिसंग्रहात आश्रय मिळाला.

त्यानंतरच्या काळात जनावर विमानात चढे ते बहुधा गंमत म्हणून. अशक्य गोष्टीला इंग्रज लोक ‘डुकरे उडू लागली की होईल’ असे म्हणतात; ती म्हण खोटी पाडण्यासाठी मूर-ब्रॅबझन या इंग्रज वैमानिकाने ४ नोव्हेंबर १९०९ रोजी डुकराचे एक पिल्लू रद्दी कागद टाकण्याच्या टोपलीत घालून, ती टोपली विमानाच्या दांड्याला बांधून उडवून दाखवले. पुढल्याच वर्षी अटलांटिक ओलांडण्यास निघालेल्या वेलमन यांच्या हवाई जहाजावर किडो नावाचे मांजर होते. त्याने घाबरून इतका धुमाकूळ घातला की त्याला पिशवीत घालून खालच्या बोटीत उतरवण्याचा प्रयत्न झाला आणि समुद्र खवळलेला असल्यामुळे पुन्हा वर ओढून घ्यावे लागले. नकोसे झालेले मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येण्याचा उद्योग आपल्याकडेही घरोघर चालत आला आहे. अटलांटिकवरचा उपाय काही निराळा नव्हता. सुमारे तीन दिवसांनी ते जहाज समुद्रात सोडून देण्याची वेळ आली तेव्हा एका आगबोटीने सर्वांची सुटका केली आणि किडोला न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात, सोनेरी मुलाम्याच्या पिंजऱ्यात, लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले.

गंमत संपली ती व्यापार सुरू झाल्यावर, आणि या भागाशी आपल्या देशाचा संबंध फार निकटचा आहे. पोलिओच्या लशीकरिता ऱ्हीसस जातीच्या लाल तोंडाच्या माकडांची मूत्रपिंडे लागत. त्यामुळे १९५० नंतरच्या वर्षांत उत्तर हिंदुस्थानात पकडलेली हजारो माकडे खोक्यांत भरून विमानाने पश्चिमेकडे रवाना होत असत. ज्या मुलखात मारुतीला शेंदूर चढवल्याशिवाय शनिवार जात नाही, त्याच मुलखातून त्याच्या गोत्राची ही रवानगी होत होती, आणि तिच्यामुळे असंख्य मुलांचे पाय वाचले हेही खरे. या दोहोंचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर मुक्कामी असलेली जवळजवळ ४०० माकडे, हवा न खेळणाऱ्या गाडीत कोंडली गेल्यामुळे, गुदमरून मेली. भारत सरकारने निर्यात काही काळ तहकूब केली, आणि वाहतूक माणुसकीने होईल व उपयोग वैद्यकीय कार्यालाच होईल असा भरवसा घेऊन मगच पुन्हा परवाने दिले. १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत हा व्यापार कायमचा बंद झाला. पेटीच्या बाजूंना वायुवीजनाची भोके हवीत आणि ती इतर सामानाने बुजता कामा नयेत, ही आजची अट वाचताना क्षुल्लक वाटते; त्या गाडीचे दार उघडणाऱ्याला ती क्षुल्लक वाटली नसती.

जनावराला पेटीची सवय करण्याचे शास्त्रही असेच दोन तोंडांचे आहे. नोव्हेंबर १९५७ मध्ये रशियाने अंतराळात पाठवलेल्या लायका कुत्रीची तयारी अत्यंत पद्धतशीर झाली होती: तिला क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत, कधी सलग २० दिवसांपर्यंत, ठेवण्यात आले, कारण यानातील कप्प्यात तिला उभे राहता, पडता येणार होते, पण वळता येणार नव्हते. ती काही तासांतच उष्णतेने मेली, हे जगाला २००२ मध्ये कळले. घरच्या कुत्र्यासाठी याच्या नेमके उलट करायचे असते. मापाची पेटी काही आठवडे आधीच आणून, दार उघडे टाकून, बैठकीच्या खोलीत ठेवून द्यावी. जेवण आत द्यावे, दार आधी क्षणभर, मग घटकाभर लावून पाहावे, आणि त्याला आपण होऊन तिथे झोप लागेपर्यंत घाई करू नये. पाण्याचे भांडे बाहेरून भरता येईल असे दाराला अडकवावे, खाली ओल शोषणारे अंथरूण घालावे, निघण्याच्या काही तास आधी हलके अन्न खाऊ घालावे. गुंगीचे औषध देऊन मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु त्याने रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि वर आकाशात तपासायला वैद्य नसतो. म्हणून जाणते पशुवैद्य त्याला सहसा रुकार देत नाहीत. त्याऐवजी मालकाने दोन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला एखादा सदरा अंथरुणावर टाकावा. लसीचा दाखला, आरोग्याचे प्रमाणपत्र, परवाना असा कागदांचा गठ्ठा पेटीबरोबर जातो आणि तो हरेक टेबलावर उलटून पाहिला जातो; सदऱ्याबद्दल कोणी विचारत नाही.