दशावतारी गंजिफा : खेळाच्या रचनेतील समतोलाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मनोरंजनाची साधने हा सामाजिक इतिहासाचा महत्त्वाचा परंतु उपेक्षित घटक आहे. राजकीय घडामोडी, महसूल व्यवस्था आणि युद्धे यांच्या अभ्यासात लोक फावल्या वेळी काय खेळत होते, हा प्रश्न मागे पडतो. सावंतवाडीची गंजिफा महाराष्ट्राला परिचित आहे, पण ती मुख्यतः चित्रकलेचा नमुना म्हणून. वर्तुळाकार पाने, त्यांवरील अवतारांची चित्रे आणि लाखेची चकाकी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र या पानांनी खेळ कसा खेळला जाई, याची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत निबंधात गंजिफेचा विचार चित्र म्हणून नव्हे, तर विचारपूर्वक रचलेला खेळ म्हणून केला आहे. त्यासाठी ऐतिहासिक ग्रंथांतील उल्लेख आणि खेळाचे परंपरागत नियम यांचा तुलनात्मक आधार घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

भारतातील गंजिफेचा सुप्रसिद्ध प्रारंभिक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आढळतो. इ. स. 1527 मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनकडे, त्याच्या इच्छेवरून, गंजिफेची पाने पाठविली होती. अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'मध्ये बारा रंगांच्या, म्हणजे 144 पानांच्या खेळाचे वर्णन केले. त्यात अश्वपती, गजपती, नरपती असे रंग असून प्रत्येक रंगात बारा पाने होती. पुढे आठ रंगांची, 96 पानांची मोगल गंजिफा रूढ झाली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग व एकूण 120 पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी अंकांची पाने येतात.

येथे एक बाब लक्षणीय आहे. मोगल खेळातील मीर आणि वजीर यांच्या जागी राजा आणि प्रधान आले, ताज व शमशेर यांच्या जागी मत्स्य व कूर्म आले. परंतु खेळाचा सांगाडा तोच राहिला. दरबारी फार्सी परंपरेतून आलेला खेळ वैष्णव भावविश्वात रुजला, तेव्हा चित्रे बदलली, नियम मात्र टिकले. ओडिशातील पानांवर नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ येतो, तेथेही हेच दिसते. आजचा बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील निर्मल हेही गंजिफानिर्मितीचे एक केंद्र होते. म्हणून हा विषय केवळ कोकणापुरता मर्यादित मानता येत नाही.

खेळाची रचना आणि समतोल :

कोणत्याही पत्त्यांच्या खेळात दैव आणि कौशल्य यांचा मेळ घालावा लागतो. वाटणी दैवाधीन असते. सर्व काही वाटणीवरच ठरले तर खेळ जुगार होतो. दैवाला वावच नसेल तर तो बुद्धिबळाकडे झुकतो. गंजिफेने हा मेळ कसा साधला, हे तीन नियमांवरून स्पष्ट होते.

पहिला नियम समान रंगांचा. प्रत्येक रंगात बाराच पाने असून कोणताही रंग हुकमाचा नसतो. त्यामुळे विशिष्ट रंग हाती आला म्हणून कोणी आपोआप बलवान ठरत नाही. खेळ सामान्यतः तिघांचा असतो. 120 पाने तिघांत प्रत्येकी 40 अशी एकही पान न उरता वाटली जातात.

दुसरा नियम उलट्या क्रमाचा. पाच रंगांत राजा व प्रधानानंतर दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम असतो. उरलेल्या पाच रंगांत प्रधानानंतर एक्का वरचढ ठरतो आणि दहा हे सर्वांत हलके पान होते. 'आईन-ए-अकबरी'तही सहा रंग 'बीशबर' म्हणजे प्रबळ व सहा रंग 'कमबर' म्हणजे दुर्बळ, अशी विभागणी आहे. युरोपातील टॅरो व ओंब्रे या जुन्या खेळांतही काही रंगांचा क्रम असाच उलटा असे.

या नियमामुळे मोठ्या व लहान आकड्यांना सारखी संधी मिळते व दैवाचा समतोल साधला जातो, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु गणिताच्या कसोटीवर हे मत टिकत नाही. प्रत्येक रंगात बारा पायऱ्या आहेतच. सर्वांत वरच्या पायरीला दहा म्हटले काय किंवा एक म्हटले काय, चांगली पाने येण्याची शक्यता तेवढीच राहते. मग या नियमाचे प्रयोजन काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ते खेळाडूच्या बुद्धीवरील भारात आहे. 120 पानांपैकी कोणती खेळून गेली आणि कोणत्या रंगात आता कोणते पान वरचढ उरले, हे दोन परस्परविरोधी क्रमांत स्मरणात ठेवावे लागते. म्हणजे हा नियम दैव बदलत नाही. तो कौशल्याचे पारडे जड करतो. समतोल येथे पानापानांत नसून दैव आणि स्मरणशक्ती यांत आहे.

तिसरा नियम उतारीचा. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने, आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने डाव सुरू करावयाचा. मोगल गंजिफेत दिवसा 'सुर्ख' व रात्री 'सफेद' या रंगास हा मान होता. एकाच रंगाला कायमचा अग्रमान न देता काळानुसार तो बदलण्याची ही योजना रचनाकारांची दृष्टी दाखविते.

तुलना :

म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर (1794–1868) यांनी अठरा रंगांपर्यंतचे नवे खेळ रचले. ते कल्पक होते, पण गुंतागुंतीमुळे दरबाराबाहेर फारसे रूढ झाले नाहीत. पानांची संख्या वाढविल्याने खेळ वाढतोच असे नाही, हा त्यातील बोध आहे. आधुनिक काळातही हाच प्रश्न नव्या रूपात येतो. अमेरिकेत 2000 ते 2005 या काळात प्रकाशित झालेल्या 'एमएलबी शोडाउन' या बेसबॉलवरील पत्त्यांच्या खेळात प्रत्येक खेळाडूच्या पानाला गुण दिलेले असत आणि संघाची निवड 5000 गुणांच्या मर्यादेत करावी लागे. शिवाय डावाला कलाटणी देणारी डावपेचांची स्वतंत्र पाने असत. तेथे समतोल प्रत्येक पानाचे मोल ठरवून साधला गेला. गंजिफेत तो सर्व रंगांना लागू असलेल्या नियमांतून साधला गेला. तेथे नवे पान आले की तोलाचा हिशेब नव्याने करावा लागतो; गंजिफेची चौकट मात्र चित्रे बदलूनही शतकानुशतके टिकली.

निष्कर्ष :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी या कलेला पुन्हा उभारी दिली, म्हणून पाने वाचली. रूडॉल्फ फॉन लायडेन यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे तिचा इतिहास जगासमोर आला. तथापि आज ही पाने बहुधा भेटवस्तू म्हणून विकली जातात व भिंतीवर टांगली जातात. चित्र टिकले आणि खेळ विसरला गेला, तर वारशाचा अर्धाच भाग जतन झाला असे म्हणावे लागेल. दिंद्रुडसारख्या गावात पारावर आजही पत्त्यांचा डाव रंगतो. त्या पारावर गंजिफेचे नाव मात्र कोणाच्या तोंडी येत नाही. खेळाचे नियम हेही ऐतिहासिक साधनच आहे, पण ते कागदावर कमी आणि खेळणाऱ्यांच्या स्मरणात अधिक असते. ज्या वृद्ध व्यक्तींनी गंजिफा प्रत्यक्ष खेळली आहे, त्यांच्याकडून नियमांचे, परिभाषेचे व प्रादेशिक भेदांचे संकलन करणे हे महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्यासारखे कार्य आहे. त्यास विलंब झाल्यास पुढील पिढीच्या हाती सुंदर पाने राहतील, परंतु डाव मांडता येणार नाही.